सहावा गडी

गेल्या वर्षी गणपती जेमतेम पंधरा दिवसांवर आले असतानाची गोष्ट. आम्ही कार्यालयात बसून शिष्यवृत्तीच्या अर्जांवर सह्या करीत होतो, तोच शिपायाने येऊन सांगितले की, अकरावीतील एका विद्यार्थ्याची आई भेटावयास आली आहे. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाकडे येणारी आई बहुधा तीन कारणांनी येते : शिष्यवृत्ती अडली म्हणून, दाखला हवा म्हणून, नाहीतर मुलाने कुणाचे डोके फोडले म्हणून. ही बाई यांपैकी कशासाठीच आली नव्हती. समोरची खुर्ची दाखवूनही ती उभीच राहिली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत म्हणाली, "सर, माझ्या मुलाचं काही चुकलं का?"

"का बरं, ताई?"

"त्याला बाकावर बसवलंय म्हणे. महिना झाला. नीट जेवत नाही, खेळाचं नाव काढत नाही. चुकला असेल तर मी त्याच्या वतीनं माफी मागते."

उलगडा व्हावयास आम्हांस थोडा वेळ लागला. मुलगा आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघात होता. संघाचे पहिले पाच गडी मैदानात उतरत, तेव्हा हा बाहेर बाकावर असे आणि काही वेळाने कुणाच्या तरी जागी आत जाई. त्यात अपराधाचा किंवा शिक्षेचा काहीच संबंध नव्हता. पण त्या माउलीने शब्दाचा जो अर्थ घेतला, तो चुकीचा तरी कसा म्हणावा? आमच्या पिढीने पाढा चुकला की बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगलेली आहे. वर्गातला शेवटचा बाक कुणासाठी असतो, हे सर्वांस ठाऊक असते. मराठीत 'बाक' या शब्दाला प्रतिष्ठा म्हणून कधी लाभलीच नाही. 'राखीव' हा शब्द त्या मानाने बरा. त्यात निदान काहीतरी जपून ठेवल्याचा भाव आहे. परंतु मुले 'राखीव' म्हणत नाहीत, 'बाकावर' म्हणतात.

इंदूर हे तसे क्रिकेटचे गाव. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, त्या आठवणींवर आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी अजून जगतात. त्यामुळे बाहेर बसणारा गडी म्हटला की, आमच्या डोळ्यांपुढे बारावा गडी येतो : पाणी नेणारा, दुसऱ्याच्या जागी क्षेत्ररक्षण करणारा, पण बॅट हाती धरण्याचा अधिकार नसलेला. बास्केटबॉलचे तसे नाही. येथे पाच जण आत असतात आणि बाहेरचा गडी सामन्यात कितीही वेळा आत-बाहेर करू शकतो. आत गेल्यावर त्याचे अधिकार पहिल्या पाचांहून तसूभरही कमी नसतात. तरीही आरंभी ज्यांची नावे पुकारली जातात आणि ज्यांच्यासाठी टाळ्या पडतात, ते पाचच. सोळा वर्षांच्या मुलाला टाळ्यांचे मोल आपण सांगावयास नको.

आता या मुलाविषयी. संघातली मुले त्याला 'चिपकू' म्हणत आणि ते नाव सार्थ होते. ज्या प्रतिस्पर्ध्यावर त्याला सोडावे, त्याला तो असा चिकटे की, त्या बिचाऱ्याला चेंडू मिळणे मुश्कील आणि मिळालाच तर वळणे मुश्कील. गुडघे वाकवून, हात पसरून, पावले एकमेकांत न अडकवता तो खेकड्यासारखा आडवा सरके. त्याची नजर चेंडूवर नसे की प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवरही नसे. ती असे थेट कमरेवर. आम्ही एकदा कारण विचारले, तेव्हा म्हणाला, "सर, डोळे खोटं बोलतात, खांदेही खोटं बोलतात. कंबर जिकडे जाते, तिकडेच माणूस जातो." हे त्याच्या पी.टी. सरांचेच शिक्षण, परंतु आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात शिकविलेले इतके पचविलेला विद्यार्थी आम्ही क्वचितच पाहिला. उणीव एकच, पण मोठी. चेंडू टोपलीत टाकणे त्याला जमत नसे. दहा फेकींत दोन पडल्या तर तो त्या दिवसाचा सण.

आई गेल्यावर आम्ही पी.टी. सरांना बोलावून घेतले. ते आमच्याहून वीस वर्षांनी लहान, अबोल, कामाला पक्के. त्यांनी आपली बाजू मांडली ती अशी : हा मुलगा आरंभापासून खेळला, तर समोरचे त्याच्याकडे लक्षच देणार नाहीत. त्याला रोखावयाचा गडी मोकळा होऊन आपल्या चांगल्या नेमबाजावर जाईल आणि आपण चार जण पाचांविरुद्ध खेळत राहू. शिवाय चिकटून खेळणाऱ्याकडून फाऊल होतातच. पाच वैयक्तिक फाऊल झाले की गडी सामन्याबाहेर. मग शेवटी, खरी गरज असते तेव्हा, त्याला आणावयाचे कोठून? त्यापेक्षा पहिली सहा-सात मिनिटे त्याने बाहेरून समोरच्याला नीट पाहावे आणि मग आत जावे.

युक्तिवाद निर्दोष होता. पण आमच्या डोळ्यांपुढे पदराचे टोक गुंडाळणारी ती बाई होती. आम्ही म्हणालो, "ते खरं हो, पण पोराचं मन मोडतंय. एकदा उतरवून तर पाहा पहिल्या पाचांत." पी.टी. सर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "आपण म्हणाल तसं, सर."

वाचकांपैकी जे सरकारी नोकरीत आहेत, त्यांना या चार शब्दांचा अर्थ फोडून सांगणे नलगे. मुख्याध्यापकाची सूचना ही कधी सूचना नसते. हे आम्हांस ठाऊक नव्हते असेही नाही.

संभागीय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात तो पहिल्या पाचांत उतरला. समोरच्या संघात नऊ क्रमांकाचा एक उंच, तरतरीत मुलगा होता. त्या संघाचे निम्मे गुण त्याचेच. आमच्या गड्याने त्याला पहिली दोन मिनिटे हालू दिले नाही आणि आम्ही पाहुण्यांच्या खुर्चीवर जरा रेलून बसलो. तेवढ्यात समोरच्या प्रशिक्षकाने काहीतरी ओरडून सांगितले. आमच्या मुलाला राखणारा गडी त्याला सोडून सरळ टोपलीखाली जाऊन उभा राहिला. आता आमच्या नेमबाजाला दर वेळी दोघे आडवे येऊ लागले आणि चेंडू फिरून फिरून या मोकळ्या पोराच्या हाती येऊ लागला. पंधरा फुटांच्या परिघात चिटपाखरू नसताना त्याने चार वेळा चेंडू फेकला आणि चारही वेळा तो कडीवर आपटून परतला. प्रेक्षकांतून हसण्याचा आवाज आला. माणसाची लाज पायांत उतरत असावी. तो उशिरा पोहोचू लागला आणि पायांनी जे साधत नव्हते, ते हातांनी साधू पाहू लागला. चार मिनिटांत दोन फाऊल. मध्यंतरापूर्वी तिसरा. तिसऱ्या सत्राच्या आरंभीच चौथा. पी.टी. सरांनी त्याला बाहेर घेतले आणि अखेरची तीन मिनिटे उरली असता पुन्हा पाठविले. मिनिटभरातच पंचांची शिटी वाजली. पाचवा! त्यानंतर नऊ क्रमांकाच्या मुलाला अडविणारे कुणीच उरले नाही. आम्ही ३ गुणांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि देवासपासून इंदूरपर्यंत त्याने मान आत वळविली नाही. पी.टी. सरांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही होऊन चूक कबूल केली, तेव्हा ते संकोचून म्हणाले, "आपण कुठं, सर, मीच..." आणि मग, बहुधा विषय बदलावा म्हणून, त्यांनी आमच्या मोबाइलवर अमेरिकेतील काही जुन्या सामन्यांची चित्रणे पाठवून दिली. अशा रीतीने मराठीचे एम.ए. झालेल्या आम्ही पन्नाशी उलटल्यावर बास्केटबॉलच्या अभ्यासास आरंभ केला. रात्री जेवणानंतर चष्मा लावून पाहत बसू लागलो. घरून टोमणे मिळाले. असो.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने शोधला, एवढेच आम्हांस पूर्वी ठाऊक होते. आता कळले की, बाहेर बसणाऱ्या उत्तम गड्याचा प्रश्न तेथेही जुनाच आहे. बोस्टन सेल्टिक्स संघाचे प्रशिक्षक रेड ऑरबाक यांनी १९५०च्या दशकात फ्रँक रॅम्झी या चांगल्या खेळाडूला मुद्दाम बाहेर ठेवून मग आत आणण्याचा प्रघात पाडला. समोरचे गडी दमू लागावेत आणि तेव्हाच यांचा ताजा, पहिल्या पाचांच्याच तोडीचा माणूस आत यावा, हा त्यातला हिशेब. पुढे त्याच संघात जॉन हॅवलिचेक यांनी ती जागा इतकी गाजविली की, 'सहावा गडी' हे बिरुद झाले. १९८२-८३च्या हंगामापासून तर एन.बी.ए.ने सहाव्या गड्यासाठी स्वतंत्र पारितोषिकच ठेवले. ते पहिले पारितोषिक मिळविणारा फिलाडेल्फियाचा बॉबी जोन्स हा गुणांचे डोंगर रचणारा नव्हता. तो बचावासाठी नावाजलेला होता. आणि त्या वर्षी त्याचा संघच विजेता ठरला.

त्याहूनही आमच्या मनात भरला तो लॉस एंजलिस लेकर्सचा मायकेल कूपर. अंगाने काटकुळा, पायांत गुडघ्यांपर्यंत ओढलेले मोजे. बारा हंगाम एकाच संघात काढले, १९८० ते १९८८ या काळात पाच अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता, आणि बहुतेक सामन्यांत तो बाकावरूनच आत आला. १९८७ साली सगळ्या एन.बी.ए.मधील सर्वोत्तम बचावपटू म्हणून निवड झाली ती याची. म्हणजे सबंध देशातला सर्वोत्तम बचावपटू आपल्याच संघात पहिल्या पाचांत नव्हता! लॅरी बर्डसारख्या थोर खेळाडूने, आपल्याला ज्यांनी अडविले त्यांत कूपर सर्वांत कठीण, अशी कबुली दिलेली आहे. आमच्या खिडकीशी बसलेल्या पोराला हे त्या रात्री बसमध्येच सांगता आले असते, तर!

परंतु एका बाजूचेच पुरावे गोळा करणे हा वकिलाचा धर्म, शिक्षकाचा नव्हे. उलट बाजूचा मोठा पुरावाही आम्हांस पी.टी. सरांनीच दिला, आणि तो २०१५ सालचा आहे. त्या वसंतात गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाची मेम्फिसशी गाठ पडली. मेम्फिसकडे टोनी ॲलन हा बचावाचा वाघ. मेम्फिस २-१ असे पुढे होते. चौथ्या सामन्यात वॉरियर्सनी आपला सात फुटी अँड्र्यू बोगट या ॲलनवर नेमला. नेमला म्हणजे नावापुरता. प्रत्यक्षात ॲलनला मोकळे सोडून बोगट टोपलीखाली ठाण मांडून उभा राहिला. ॲलनची लांबून फेक कच्ची होती. पुढे काय झाले असेल, हे देवासच्या रस्त्यावरून परतलेल्या आम्हांला कुणी सांगावयास नको. मेम्फिसने तो सामना गमावला आणि पुढे मालिकाही.

गंमत पुढेच आहे. त्याच वॉरियर्सना महिन्याभराने अंतिम मालिकेत क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्सने जेरीस आणले. २-१ अशी पिछाडी होती. यांच्याकडे आंद्रे इग्वाडाला नावाचा बचावात मुरलेला, वयाने तिशी उलटलेला खेळाडू होता. आयुष्यातले पहिले ७५८ सामने त्याने पहिल्या पाचांत राहून खेळलेले; त्या वर्षी मात्र नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या सांगण्यावरून तो सबंध हंगाम बाकावरून आत येत होता. चौथ्या सामन्यात कर यांनी बोगटला बाहेर बसवून इग्वाडालाला आरंभीच उतरविले. ही सूचना मूळची प्रशिक्षकवर्गातील एका तरुण साहाय्यकाची, आणि कर यांनी पत्रकारांना तिचा सुगावा लागू दिला नाही. आरंभी ०-७ अशी पिछाडी झाली तेव्हा अनेकांनी कपाळाला हात लावला असेल. पण तो सामना वॉरियर्सनी १०३-८२ असा जिंकला, पाठोपाठचे दोन्हीही जिंकले आणि अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान इग्वाडालाला मिळाला. जेम्सने मालिकेत सामन्यामागे सरासरी ३५हून अधिक गुण केले खरे, परंतु त्याच्या फेकींतील यश ४० टक्क्यांच्या आतच राहिले. गुण मिळाले, पण घाम गाळून मिळाले.

आता एकच संघ, एकच वर्ष. एका बचावपटूचे आरंभापासून मैदानात असणे हे वॉरियर्सनी प्रतिपक्षाचे मर्म म्हणून हेरले आणि दुसऱ्या बचावपटूला आरंभी उतरवून त्यांनीच विजय मिळविला. फरक कोठे? इग्वाडालाला मोकळे सोडण्याची सोय नव्हती. मोकळा सोडला तर तो गुण करी. अखेरच्या सामन्यात त्याने २५ गुण केले. चौथ्या सामन्यात क्लीव्हलंडने त्याला ढील दिली, तेव्हा २२ केले होते. तेव्हा 'बचावपटूने आरंभ करावा की नाही' हा प्रश्न वस्तुतः बचावाचा नाहीच. चेंडू आपल्याकडे असताना तो गडी समोरच्या एकाला तरी स्वतःजवळ बांधून ठेवू शकतो की नाही, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे. बांधून ठेवू शकत असेल, आणि प्रतिपक्षाचा सगळा भार एकाच माणसावर असेल, तर त्याला खुशाल आरंभी उतरवावे. त्या एकाला पहिल्या मिनिटापासून सूर सापडू देऊ नये. तसे नसेल तर पी.टी. सरांचे म्हणणे खरे.

आमच्या खोखोत हा विचार फार जुना आहे. तेथे संरक्षणाचे गडी तीन-तीनांच्या तुकड्यांनी उतरतात आणि पहिल्या तुकडीत कुणाला घालावे, कुणाला मागे ठेवावे, यावर कर्णधार रात्र रात्र डोके खाजवितो. पण मागच्या तुकडीत ठेवले म्हणून खोखोचा गडी रुसलेला आम्ही पाहिला नाही. कदाचित तेथे वाट पाहावयाच्या जागेला कुणी बाक म्हणत नाही म्हणून असेल.

या सगळ्या वाचना-पाहण्यात एक बारकी गोष्ट आमच्या मनाला टोचून राहिली. कर यांनी इग्वाडालाला बाहेर बसविले, ते हंगामापूर्वी त्याच्याशी बोलून. आमच्या शाळेत ते घडले नव्हते. पी.टी. सरांनी जे आम्हांस पाच मिनिटांत समजावले, ते त्या मुलाला कुणी कधी सांगितलेच नव्हते. यादी लागली, नाव सहावे होते, संपले. आणि आम्ही तरी काय केले? आधी त्याला न विचारता बाहेर बसविलेले होते, ते आम्ही त्याला न विचारता आत ढकलले.

मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला, त्याच्या आईला आणि पी.टी. सरांना आम्ही कार्यालयात बसविले. आम्ही मोठ्या उत्साहाने कूपर, इग्वाडाला वगैरे पुराण लावले. मुलगा ऐकत होता. आईच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हते. शेवटी आम्ही म्हणालो, "ताई, लग्नात पहिली पंगत असते ना? पहिल्या पंगतीला बसला तो मोठा, असं सगळ्यांना वाटतं. पण शेवटच्या पंगतीपर्यंत सगळं पुरवायचं कुणाच्या हाती असतं?"

"वाढप्याच्या," ती म्हणाली. आणि थोडे थांबून, "पण सर, वाढप्याला आधी सांगून ठेवावं लागतं ना, की बाबा तू आज वाढायला आहेस?"

पी.टी. सर खाली पाहू लागले. आम्हीही.

मग मुलालाच विचारले की, तुला काय हवे आहे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सुरुवातीला कुणीही जाऊ दे, सर. शेवटची पाच मिनिटं मी आत पाहिजे." पी.टी. सर म्हणाले, "कबूल. पण तोपर्यंत तीनच्या वर फाऊल नाहीत." सौदा ठरला. त्याशिवाय रोज सकाळी प्रार्थनेपूर्वी टोपलीच्या जवळून, एकाच जागेवरून शंभर फेकी, असेही ठरले. आमच्या कार्यालयाच्या खिडकीतून तो आवाज वर्षभर ऐकू येत राहिला. सगळ्या नव्हे, पण निम्म्याच्या आसपास पडू लागल्या.

यंदा तो बारावीत. संभागीय स्पर्धेत उपान्त्य सामन्याला पुन्हा तोच संघ समोर आला. नऊ क्रमांकाचा मुलगा बोटभर आणखी उंच झालेला. आम्ही पाहुण्यांच्या खुर्चीवर न बसता मागच्या पायऱ्यांवर बसलो, म्हणजे पी.टी. सरांना आमचे तोंड दिसावयास नको. शेजारी त्याची आई, हयातीत प्रथमच सामना पाहावयास आलेली. पहिल्या पाचांची नावे पुकारली गेली, टाळ्या पडल्या. हा बाकाच्या कडेला पुढे झुकून बसला होता आणि नऊ क्रमांकावरून त्याची नजर हलत नव्हती. सातव्या मिनिटाला तो आत गेला. मुलाने एकदाही आमच्याकडे पाहिले नाही, हे आम्हांस फार आवडले.

त्याला मोकळे सोडण्याची युक्ती समोरच्यांनी यंदाही केली. त्याने आपल्या ठरलेल्या जागेवरून तीन फेकी टाकल्या, त्यांतल्या दोन पडल्या. मग त्याचा गडी पुन्हा त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. शेवटच्या पाच मिनिटांत नऊ क्रमांकाला एकच गुण मिळाला, तोही फ्री थ्रोवर. आम्ही ४ गुणांनी जिंकलो. अंतिम सामना मात्र दुसऱ्या दिवशी सपाटून हरलो; तो संघ आमच्याहून सर्वच बाबतींत सरस होता.

उपान्त्य सामना संपल्यावर मुले एकमेकांना उचलून घेत होती, पी.टी. सरांचे डोळे पाणावले होते. आम्ही त्या माउलीकडे वळून म्हणालो, "पाहिलंत ना, ताई?"

"पाहिलं," ती म्हणाली. "पण सर, चाळीसांतली बावीसच मिनिटं खेळला तो. मी घड्याळ लावून मोजली. उरलेली अठरा का नाही?"

आम्ही तिला पी.टी. सरांकडे पाठविले.